हरभऱ्याचा वायदा बंद, पोरांचा सट्टा चालू

जुलै महिन्यात माझ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. आयकराच्या विवरणपत्राची शेवटची तारीख डोक्यावर, टेबलावर फायलींचे गठ्ठे, बाहेरच्या बाकावर तालुक्यातली माणसं. काही वर्षांपूर्वीपर्यंत त्या बाकावर शिक्षक, ग्रामसेवक, कृषी केंद्रवाले, जिनिंगवाले बसलेले असत. आता त्यांच्यात बावीस-चोवीस वर्षांची पोरं असतात आणि त्यांच्या हातात ब्रोकरच्या ॲपवरून छापून आणलेला वर्षभराचा हिशेब असतो.

त्यातला एक मुलगा डोळ्यांसमोरून हलत नाही. मेडिकल दुकानात कामाला, पगार बारा हजार. सोबत वडील आले होते, पाच एकर कोरडवाहू जमिनीचे धनी. हिशेबाचे अकरा कागद होते, बारीक अक्षरात, दोन्ही बाजूंनी छापलेले. मी शेवटच्या पानावर गेलो. निव्वळ तोटा 3 लाख 12 हजार. त्यातले 58 हजार नुसते दलाली, कर आणि बाजाराची फी. पैसा आला कुठून, तर निम्मा कापसाच्या पट्टीचा आणि निम्मा आईची पोत गहाण ठेवून काढलेला. "आते काय करवानं, भाऊ?" वडिलांनी विचारलं. मी सांगितलं, तोटा विवरणपत्रात दाखवून ठेवू, पुढची आठ वर्षं धंद्याच्या नफ्यातून तो वजा करता येतो. त्यावर ते म्हणाले, "कोणता धंदा?"

त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. आयकर कायद्यात मान्यताप्राप्त बाजारातले फ्युचर्स (पुढच्या तारखेचा भाव आज बांधणारे वायदे) आणि ऑप्शन्स (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याचा नुसता हक्क) यांचे व्यवहार सट्टा धरले जात नाहीत. तो नेहमीचा व्यवसाय मानला जातो. सकाळी घेतलेला शेअर त्याच दुपारी विकला तर तो मात्र सट्टा. म्हणजे ज्या मुलाने वर्षात एकाही कंपनीचा एकही शेअर घरी आणला नाही, निफ्टी हा बाजाराचा निर्देशांक वर जाईल की खाली एवढ्यावरच पैसे लावले, तो कागदोपत्री व्यावसायिक ठरतो. मी त्याचं विवरणपत्र व्यवसायाच्याच फॉर्मवर भरलं. दुसरा मार्ग नव्हता.

हा एकट्याचा किस्सा असता तर मी लेख लिहायला बसलो नसतो. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या, आणि सगळ्यांचा मिळून तोटा 1 लाख 80 हजार कोटींच्या वर. दरडोई सरासरी दोन लाख. पुढच्या वर्षाचे, म्हणजे 2024-25 चे आकडेही आले: 91 टक्के तोट्यात, एका वर्षात 1 लाख 5 हजार कोटी गेले. पण मला सगळ्यात जास्त बोचला तो वेगळाच आकडा. हे व्यवहार करणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांहून जास्त लोक देशातल्या पहिल्या 30 शहरांच्या बाहेरचे आहेत. म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार, चोपडा, शिरपूर, शहादा. चारातल्या तिघांनी आपलं वार्षिक उत्पन्न पाच लाखांच्या आत दाखवलेलं आहे, आणि तिशीच्या आतल्यांचं प्रमाण एका वर्षात 31 वरून 43 टक्क्यांवर गेलं.

हे वाचून कुणी म्हणेल, हा माणूस शेअर बाजाराच्या विरोधात आहे. मुळीच नाही. खानदेशात राहून बाजाराच्या विरोधात बोलणं जमणारच नाही, कारण बाजार नीट वापरला तर काय होतं याचा देशभर सांगितला जाणारा दाखला आमच्या अमळनेरचा आहे. 1945 साली तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची कंपनी निघाली. वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण हा तिचा माल. तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या लोकांनी कारखान्याचे शेअर घेतले, आणि बऱ्याच घरांनी ते विकलेच नाहीत. मी एका घरात तो जुना कागदी शेअर पाहिला आहे. लोखंडी पेटीत, सातबारा आणि खरेदीखताच्या जोडीला, घडीवर झिजून पिवळा पडलेला. म्हातारीने तो जमिनीच्या कागदांबरोबर ठेवला होता, कारण तिच्या मनात त्याची जात तीच होती: आपल्या मालकीची वस्तू.

या मालकीचं काय होतं ते मोजून पाहा. 1997 च्या सुरुवातीला कुणाकडे विप्रोचा दहा रुपये दर्शनी किमतीचा एक शेअर होता असं धरा. त्या वर्षी एका शेअरमागे दोन बोनस, म्हणजे फुकट शेअर मिळाले, तीन झाले. 1999 मध्ये एकाचे पाच तुकडे झाले, पंधरा झाले. 2004 मध्ये पुन्हा एकाला दोन, पंचेचाळीस. 2005 मध्ये एकाला एक, नव्वद. 2010 मध्ये तिनाला दोन, दीडशे. 2017 मध्ये एकाला एक, तीनशे. 2019 मध्ये तिनाला एक, चारशे. डिसेंबर 2024 मध्ये एकाला एक, आठशे. एकाचे आठशे, आणि पेटी उघडण्यापलीकडे त्या घराने काहीही केलेलं नाही.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. त्याच अमळनेरातली प्रताप मिल, जिच्या भोंग्यावर गावाचा दिवस उजाडायचा, ती बंद पडली. शेअर म्हणजे कारखान्यात वाटा, आणि कारखाना बुडाला की वाटाही बुडतो. पण तो बुडतो तेव्हा निदान काहीतरी उभं राहिलेलं असतं, चार माणसांना पगार मिळालेला असतो, धाग्याचं कापड झालेलं असतं. माझ्यासमोर बसलेल्या मुलाच्या 3 लाख 12 हजारांतून एक वीटसुद्धा रचली गेली नव्हती.

मुंबईच्या शेअर बाजाराचा जन्मही आपण मानतो तितका आपल्यापासून लांब झालेला नाही. 1850 च्या दशकात टाऊन हॉलजवळच्या वडाच्या झाडाखाली दलालांचे सौदे चालत. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेतल्या बंदरांची कोंडी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. त्यांनी हिंदुस्थानकडे तोंड वळवलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईतून जाऊ लागला आणि इंग्लंडचा पैसा मुंबईत येऊन साठला. त्या पैशावर रोज नवी बँक, रोज नवी कंपनी निघाली. समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या कित्येक पटींनी विकले गेले. प्रेमचंद रायचंद हे त्या काळातलं सगळ्यात मोठं नाव. आईच्या नावाने राजाबाई टॉवर बांधणारे तेच. सौद्यांचा मोठा भाग उधारीवर, पुढच्या तारखेच्या वायद्यावर होता. एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली, कापूस कोसळला, आणि 1 जुलै 1865 ला वायदे पुरे करायची तारीख उजाडली तेव्हा कुणाकडेच पैसे नव्हते. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 वर गेलेला शेअर 87 रुपयांवर आला. ती बँक पुढे दिवाळ्यात निघाली.

या पडझडीतून सावरलेल्या दलालांनी 9 जुलै 1875 रोजी आपला संघ स्थापन केला. 318 सभासद, प्रवेश फी एक रुपया. हाच पुढे मुंबई शेअर बाजार. त्याच्या दोनच महिने आधी, 12 मे 1875 ला, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली होती आणि कर्जरोखे जाळले होते. कापसाच्या तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता, मंदीत त्यानेच तो आवळला, सरकारने शेतसारा वाढवला, आणि शेतकरी त्यात चिरडला गेला. तेजी एकच, मंदी एकच. दलालांना त्यातून एक संस्था मिळाली, नियम मिळाले, छप्पर मिळालं. ज्याच्या कापसावर हे सगळं उभं राहिलं त्याला मिळाले जळलेले रोखे आणि फौजदारी खटले. दीडशे वर्षांनंतरही ही वाटणी बदललेली दिसत नाही, आणि माझं खरं म्हणणं इथून सुरू होतं.

बाजाराची कामं दोन. उद्योगाला भांडवल मिळवून देणं हे एक, आणि ज्याला जोखीम झेपत नाही त्याच्याकडून ती घेऊन ज्याला झेपते त्याच्याकडे सोपवणं हे दुसरं. वायदा आणि ऑप्शन हे या दुसऱ्या कामासाठी जन्मले. ऑप्शन म्हणजे काय हे आमच्याकडे शिकवावं लागत नाही, कारण जमिनीचा इसार सगळ्यांना ठाऊक आहे. पंचवीस हजार इसार देऊन तुम्ही तीन महिन्यांसाठी भाव बांधून घेता. जमीन महागली तर सौदा पुरा करता, नाही तर इसार सोडून देता. ऑप्शनचा प्रीमियम म्हणजे तोच इसार. फरक पडतो मुदतीत आणि हेतूत. इसार देणाऱ्याला बहुतेक वेळा जमीन हवी असते. निफ्टीच्या साप्ताहिक ऑप्शनवर सकाळी दहाला इसार देणाऱ्याला काहीच नको असतं, आणि एक्स्पायरीच्या, म्हणजे मुदत संपण्याच्या, दिवशी साडेतीनला तो इसार संपतो. वीस रुपयांचा प्रीमियम, 2025 मध्ये 75 नगांचा लॉट (एका सौद्याचा ठरलेला गठ्ठा), दीड हजार रुपये. पगार बारा हजार असलेल्याला दीड हजाराचा खेळ परवडतो असं वाटतं, आणि तो आठवड्यातून पाच वेळा खेळतो.

आता जोखीम खरोखर कुणाच्या डोक्यावर आहे ते पाहा. मे 2022 मध्ये रुईची खंडी (सुमारे साडेतीन क्विंटल) एक लाखाच्या वर गेली. खानदेशात कापसाला क्विंटलमागे दहा-बारा हजार मिळाले. पुढच्या हंगामात सगळ्यांनी तोच भाव पुन्हा येईल या आशेवर कापूस घरात भरून ठेवला. पुढची खोली भरली, माजघर भरलं, काहींच्या देवघरापर्यंत ढीग गेला. उन्हाळा आला, कापसात किडे झाले, लेकरांच्या अंगाला खाज सुटली, दवाखान्याच्या चकरा झाल्या, आणि शेवटी मे-जूनमध्ये तो खेडा खरेदीवाल्याला सात-साडेसात हजाराच्या आसपास द्यावा लागला. या माणसांना कुणी सटोडिये म्हणणार नाही. पण भाव वाढेल यावर त्यांनी घरदार लावलं होतं, कारण भाव बांधून घ्यायचं सोयीचं साधन त्यांच्या हातात नव्हतं.

कापसाचा वायदा एमसीएक्स या वस्तूंच्या वायदे बाजारावर आहे, मग साधन नाही कसं? त्याचा लॉट 48 खंडीचा, म्हणजे जवळपास शंभर गठाणी. सतरा टन रुई निघायला पाचेकशे क्विंटल कापूस लागतो. आमच्या चार-पाच एकरवाल्याच्या घरी चांगल्या वर्षी तीस-चाळीस क्विंटल येतो. जिनिंगवाल्याला तो वायदा उपयोगी असेल, शेतकऱ्याच्या दारापर्यंत तो येत नाही. आणि हरभरा? त्या दिवशी विवरणपत्राचं काम संपल्यावर मुलाच्या वडिलांनी विचारलं होतं, "भाऊ, या मोबाईलमध्ये एवढं सगळं आहे, तर मार्चमधला हरभऱ्याचा भाव आज बांधून ठेवता येईल असं काही नाही का?" मी म्हणालो, "आबा, होतं. 2021 मध्ये सरकारने बंद केलं." ऑगस्ट ते डिसेंबर 2021 दरम्यान हरभरा, मोहरी, सोयाबीन, मूग, गहू, बिगर-बासमती भात आणि कच्चं पामतेल या सातांचे वायदे थांबवले गेले. एका वर्षासाठी म्हणून आणलेल्या बंदीला मुदतवाढ मिळत राहिली, 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत नेली. तूर आणि उडदाचा वायदा तर 2007 पासूनच नाही.

बंदीचं कारण सांगितलं गेलं ते महागाईचं. सट्टेबाज भाव फुगवतात, सामान्य माणसाला झळ बसते. मी हे कारण हसण्यावारी नेत नाही. वायद्यात साठेबाजांनी खेळ केल्याची उदाहरणं आहेत, आणि शहरातल्या मजुराच्या ताटातली डाळ हा लहान प्रश्न नाही. पण तूर-उडदाचा वायदा बंद झाल्यानंतरही तुरीने 2015 मध्ये किरकोळ बाजारात दोनशे रुपये किलो गाठलेच. भाव वायद्याने वाढत असेल तर तिथे तो कशाने वाढला? पाऊस, आयात, साठा आणि सरकारचे ऐनवेळचे निर्णय यांनी. ऑगस्ट 2025 मध्ये कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, ते बोंड फुटायच्या आधीच. त्या निर्णयाचा तोटा ज्याच्या शेतात झाड उभं होतं त्याच्या वाट्याला आला, आणि त्याच्याकडे विमा म्हणून काहीच नव्हतं.

दुसरा आक्षेप माझ्याकडे येणारी मुलंच घेतात. "काका, माझे पैसे, माझी मर्जी." सज्ञान माणसाला आपले पैसे कुठेही लावायचा हक्क आहे हे मला मान्य आहे. पण हा बरोबरीचा सामना नाही. सेबीच्याच अभ्यासात आहे की 2023-24 मध्ये व्यक्तींनी गमावलेला पैसा मुख्यतः दोन गटांकडे गेला: स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या मोठ्या पेढ्या, सुमारे 33 हजार कोटी, आणि परदेशी गुंतवणूक संस्था, सुमारे 28 हजार कोटी. त्या नफ्यातला 96-97 टक्के भाग संगणकाच्या आज्ञावलीने केलेल्या व्यवहारांचा. बाजाराच्या यंत्राशेजारीच ज्यांचा सर्व्हर ठेवलेला आहे त्यांच्यासमोर मेडिकलच्या काउंटरवर गिऱ्हाईकाला गोळ्या देता देता अंगठ्याने बटण दाबणारा मुलगा. हक्क दोघांना सारखा आहे म्हणून न्याय झाला असं होत नाही.

आणि ज्यांनी थांबवायचं त्यांचं पोट यावरच भरतं. शेअर बाजार आता दलालांचा संघ राहिलेला नाही, नफ्यासाठी चालणारी कंपनी आहे. मुंबई शेअर बाजाराचा स्वतःचाच शेअर 2017 पासून सूचीबद्ध आहे. मे 2023 मध्ये त्याने सेन्सेक्सचे साप्ताहिक ऑप्शन नव्याने सुरू केले, आणि पुढच्या दीड वर्षात त्याच्या शेअरचा भाव कित्येक पटींनी वाढला. जितके सौदे, तितकी फी. सरकारला प्रत्येक सौद्यावर व्यवहार कर मिळतो, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तो ऑप्शनवर 0.1 टक्का केला गेला. मुलाच्या त्या 58 हजारांत या सगळ्यांचा वाटा होता.

सेबीने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. नोव्हेंबर 2024 पासून कराराचा आकार किमान 15 लाखांचा केला, प्रत्येक बाजाराला एकाच निर्देशांकाचा साप्ताहिक ऑप्शन ठेवू दिला, पुढे एक्स्पायरीचे वारही मंगळवार आणि गुरुवार असे दोन ठरवून दिले. पण हे नियम ज्या वर्षात यायला लागले, त्या 2024-25 मध्येही 91 टक्के लोक बुडालेच. मंगळवार-गुरुवार म्हणजे आठवड्याला दोन बाजार. आमच्या गावात आठवडी बाजार एकच असतो.

म्हणून मागणी साधी आहे. साप्ताहिक ऑप्शन पूर्ण बंद व्हावेत. जोखीम सांभाळणाऱ्या कोणत्याही खऱ्या धंद्याला सात दिवसांच्या इसाराची गरज नसते, महिन्याचा आणि तिमाहीचा पुरतो. ऑप्शनचं खातं उघडण्याआधी उत्पन्नाची खरी पडताळणी व्हावी. आज सहा महिन्यांचं बँक विवरण जोडलं की काम होतं, आणि ते विवरण बापाच्या कापसाच्या पट्टीने फुगलेलं असलं तरी कुणी विचारत नाही. याच्या जोडीला हरभरा, सोयाबीन, मूग यांचे वायदे पुन्हा सुरू व्हावेत, त्यांवर साठ्याची आणि सौद्याची मर्यादा कडक असावी, आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांना खाली पडणाऱ्या भावाविरुद्धचा ऑप्शन घेता यावा. त्याच्या प्रीमियमचा काही भाग सरकारने उचलावा, जसा पीक विम्याच्या हप्त्याचा उचलतं. कापसाच्या वायद्याला दहा गठाणींचा लहान लॉट असावा. गटाने मिळून तरी शेतकरी तिथवर पोहोचेल.

आणि सगळं मराठीत यावं. जुलै 2023 पासून ब्रोकरला ॲप उघडताच एक चौकट दाखवावी लागते: दहापैकी नऊ जण तोट्यात जातात. मी त्या मुलाला त्याचा मोबाईल उघडायला सांगितला. चौकट आली, इंग्रजीत, बारीक अक्षरात. त्याने न वाचता अंगठ्याने ती बाजूला सारली, सवयीने, माझ्याकडे बघत. वडिलांनी विचारलं, "काय लिहिलंय त्यात?" मुलगा गप्प राहिला. मी वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं, मग मुलाकडे न बघता कोऱ्या कागदावर माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं आणि घडी करून बंडीच्या खिशात ठेवलं.